तुळजापूर ते रॉटरडॅम: द्राक्षांच्या एका रीफर कंटेनरचे प्रकरण

एप्रिल 2024 च्या पहिल्या आठवड्यात रॉटरडॅमजवळच्या एका शीतगृहात चाळीस फुटी रीफर, म्हणजे स्वतःचे शीतकरण यंत्र असलेला, कंटेनर उघडला गेला. आत तुळजापूर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची सुमारे 13 टन थॉमसन द्राक्षे वीस पॅलेटवर, म्हणजे पेट्या रचण्याच्या चौकटींवर, रचलेली होती. चौदा पॅलेटचा माल विक्रीयोग्य निघाला, तर दाराकडच्या सहा पॅलेटमध्ये करडी बुरशी, तपकिरी पडलेल्या काड्या आणि पांढरट डागांचे मणी आढळले. आयातदाराने छायाचित्रांसह गुणवत्तेचा दावा पाठवला आणि संपूर्ण कंटेनरचा भाव खाली आणला. कंपनीने दोष जहाजाच्या लांबलेल्या प्रवासाला दिला, जहाज कंपनीने ठरलेले तापमान पूर्ण प्रवासभर राखल्याचे कळवले, आणि विमा कंपनीने विलंब व मालाचा अंगभूत दोष ही दोन्ही कारणे पॉलिसीतून वगळलेली असल्याचे दाखवून हात वर केले.

यातील उत्पादक कंपनी, कंटेनर आणि त्याच्या तापमानाच्या नोंदी अभ्यासासाठी रचलेल्या आहेत. मार्ग, शीतकरणाचे शास्त्र, वाहतूक आणि विम्याच्या तरतुदी आणि त्या हंगामातील समुद्रावरची परिस्थिती वास्तवातील आहे.

हंगाम कसा होता

धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षशेती पाण्याच्या तुटवड्यावर मात करत उभी राहिलेली आहे, आणि 2023 च्या पावसाळ्याने मराठवाड्याची पुन्हा एकदा निराशा केली होती. शेततळ्यातील साठा ठिबकवर पुरवून पुरवून वापरावा लागला. ऑक्टोबरच्या मध्यावर फळछाटणी घेतलेल्या बागा नोव्हेंबरच्या अखेरीस फुलोऱ्यात होत्या, आणि नेमक्या त्याच आठवड्यात राज्यात अनेक ठिकाणी अवकाळी पाऊस व गारपीट झाली. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते, कारण करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, फुलोऱ्याच्या काळातील ओलाव्यात शिरकाव करून मण्यात सुप्त राहू शकते आणि साखर भरल्यावर, प्रसंगी शीतगृहातही, डोके वर काढते. शून्य अंशाला तिची वाढ मंदावते, थांबत नाही. त्यामुळे द्राक्षाच्या पेटीत थंडीच्या जोडीला सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड, ज्याला पॅकहाऊसमध्ये (माल निवडून पेट्या भरण्याच्या जागी) सरसकट ग्रेपगार्ड म्हणतात, ठेवावा लागतो.

समुद्रावरची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. 19 नोव्हेंबर 2023 रोजी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर हे जहाज येमेनमधील हूथी बंडखोरांनी ताब्यात घेतले, आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास सुरुवात केली. मुंबई परिसरातून रॉटरडॅमपर्यंतचे अंतर सुएझमार्गे साडेसहा हजार सागरी मैलांच्या आत असते, केप ऑफ गुड होपमार्गे ते दहा हजारांच्या पलीकडे जाते. तीन ते चार आठवड्यांच्या प्रवासाला सुमारे दोन आठवड्यांची भर पडली. याहून कमी चर्चिला गेलेला परिणाम असा, की जहाजे फेरीत जास्त दिवस अडकल्याने रिकामे कंटेनर वेळेवर परत येईनात आणि बंदरातील वेळापत्रके आदल्या दिवशीपर्यंत बदलू लागली. या प्रकरणाची गाठ या दुसऱ्या परिणामात आहे असे माझे मत आहे.

भरणीची रात्र

निर्यातीची नेहमीची पूर्वतयारी नीट झाली होती. बाग अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेली होती, कीडनाशक अंशांचा अहवाल युरोपीय मर्यादेत होता, आणि ॲगमार्क व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राबाबत कोणताही वाद नव्हता. रीफर कंटेनर मात्र ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आला. तो पॅकहाऊसला पोहोचला त्याच दुपारी फॉरवर्डरचा (वाहतुकीची व्यवस्था पाहणाऱ्या मध्यस्थाचा) निरोप आला, की जहाजाची वेळ अलीकडे आली असून बंदराची कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आहे. तुळजापूरहून सोलापूर आणि पुणे ओलांडून जवाहरलाल नेहरू बंदर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. भरलेली गाडी, घाट आणि बंदराच्या दारातील रांग धरता गाडीने मध्यरात्रीच्या सुमारास निघणे भाग होते. “अण्णा, आज रात्री भरा, नाहीतर बोट गेली समजा. पुढची कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही,” हे फॉरवर्डरचे शब्द कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर बैठकीत जसेच्या तसे सांगितले.

चौदा पॅलेट आधीच थंड होऊन शीतखोलीत उभे होते. उरलेल्या सहा पॅलेटचा माल त्याच दिवशी तोडलेला होता. मजूर टोळी दुसऱ्या बागेवरून उशिरा आल्यामुळे तोडणी सकाळी दहानंतरही चालू राहिली, फेब्रुवारीच्या उत्तरार्धातील मराठवाड्याच्या उन्हात क्रेट बांधावर थांबले, आणि माल प्रीकूलिंगला, म्हणजे भरणीपूर्वी थंड करायला, लागेपर्यंत दुपार उलटली. मण्याच्या गराचे तापमान 4 अंशांच्या खाली आणण्यास चांगल्या चालणाऱ्या प्रीकूलिंग खोलीला सहा ते आठ तास लागतात. या खोलीत त्या संध्याकाळी वीज दोनदा गेली आणि जनरेटर पूर्ण भार घेत नव्हता. रात्री अकराच्या सुमारास सहा पॅलेटचे गराचे तापमान 6 ते 7 अंशांवर होते. पर्यवेक्षकाने ते वहीत प्रामाणिकपणे लिहिले. कंटेनर आतून थंड करील, या समजुतीवर भरणी पूर्ण झाली. आधी चौदा थंड पॅलेट यंत्राच्या बाजूने आत गेले, आणि शेवटी तयार झालेले सहा उबदार पॅलेट साहजिकच दाराशी लागले.

तापमानाच्या नोंदी काय सांगतात

दावा आल्यानंतर कंपनीच्या संचालकांनी सर्वप्रथम एका खंडावर बोट ठेवले. कंटेनरच्या नियंत्रकातील नोंदीत बंदरावर जवळपास दोन तासांची पोकळी दिसत होती. ट्रेलरवरील जेनसेट (जनरेटर) काढल्यापासून यार्डातील वीज जोडेपर्यंतचा तो वेळ होता. संशयाला ही जागा सोयीची होती आणि बऱ्याच दाव्यांत सगळा वाद इथेच अडकून पडतो. प्रत्यक्षात बंद दाराच्या, भरलेल्या कंटेनरमध्ये शीत मालाचा साठाच इतका मोठा असतो की दोन तासांत आतली स्थिती फारशी हलत नाही. वीज परत जोडल्यावर नोंदलेली तापमाने आधीच्या पातळीशी जुळत होती, म्हणून हा संशयित सोडून द्यावा लागला.

खरी माहिती दोन आकड्यांच्या संबंधात होती. रीफर यंत्र थंड हवा जमिनीखालच्या खाचांतून दाराकडे ढकलते, ती मालातून वर चढते आणि छतालगत यंत्राकडे परतते. आत सोडलेल्या हवेचे आणि परतणाऱ्या हवेचे तापमान वेगवेगळे नोंदले जाते, आणि या दोन रेषा कशा चालतात यावरून बिघाडाचे स्वरूप बहुतेक वेळा ओळखता येते. वीज गेली तर नोंद तुटते आणि नंतर दोन्ही रेषा वर उचललेल्या सापडतात. यंत्र बिघडले तर सोडलेल्या हवेची रेषाच ठरलेल्या अंशापासून भरकटते. दिवसातून काही वेळा दिसणारी छोटी टोके बाष्पकावरील बर्फ वितळवण्याच्या चक्राची असतात आणि त्यांना घाबरण्याचे कारण नसते, तरी दाव्याच्या पत्रांत त्यांनाच लाल वर्तुळे काढलेली मी पाहिली आहेत. या कंटेनरमध्ये सोडलेल्या हवेची रेषा पहिल्या दिवसापासून उणे 0.5 अंशावर स्थिर होती. परतीच्या हवेची रेषा मात्र अडीच अंशांच्या जवळ सुरू होऊन पाच दिवस हळूहळू उतरत गेली. गरम माल आत भरल्याची ही खूण आहे, आणि जहाज कंपनीने आपला बचाव म्हणून पाठवलेल्या कागदातच ती होती.

कंपनीने दोन तापमान नोंदयंत्रे पेट्यांत ठेवली होती. यंत्राजवळच्या पॅलेटमधील नोंद सुरुवातीपासून अर्ध्या अंशाच्या आत होती. दाराकडून दुसऱ्या पॅलेटमधील नोंद 6 अंशांवरून निघाली आणि 1 अंशाखाली यायला तिला सहावा दिवस उजाडला. कंपनीने एकच नोंदयंत्र ठेवले असते आणि तेही यंत्राच्या बाजूला, जसे अनेक जण खर्च वाचवण्यासाठी ठेवतात, तर हे प्रकरण कधीच उलगडले नसते.

इथे एक प्रश्न स्वाभाविकपणे येतो. चाळीस फुटी रीफरची शीतकरण क्षमता शून्य अंशाच्या आसपास दहा किलोवॉटच्या घरात असते. चार टन द्राक्षांतून सहा अंशांची उष्णता काढणे हे कागदावर काही तासांचे काम आहे. मग सहा दिवस का लागले? उत्तर हवेच्या मार्गात आहे. प्रीकूलिंग खोलीत पंखे पॅलेटच्या एका बाजूला दाब कमी करून हवा पेटीच्या छिद्रांतून ओढून नेतात. कंटेनरमध्ये तेवढा दाब नसतो, हवा कमी अडथळ्याची वाट धरते. द्राक्षाची पेटी म्हणजे पनेट (छोटे डबे), त्याभोवती प्लास्टिकचे अस्तर आणि वर ग्रेपगार्ड, त्यामुळे हवा बाहेरून घासून जाते आणि मधल्या मण्यांपर्यंत थंडी फक्त झिरपत पोहोचते. दाराकडच्या भागात हवेचा जोर आधीच सर्वांत कमी असतो, आणि उबदार पॅलेट नेमके तिथेच होते. ठरलेले तापमान आणखी खाली, उणे 2 अंशांवर ठेवून माल लवकर थंड करता आला असता, ही सूचना बैठकीत कोणीतरी केली. त्या तापमानाला यंत्राजवळच्या पॅलेटमधील काड्या आणि देठ गोठण्याचा धोका होता, म्हणजे चौदा पॅलेटही गेले असते.

आता बुरशी. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने नोव्हेंबरच्या पावसातील सुप्त संसर्गाकडे बोट दाखवले आणि त्यात तथ्य आहे, कारण बुरशी कुठूनतरी आलेली असणारच. परंतु चौदा पॅलेटपैकी नऊ पॅलेट त्याच बागांतील होते ज्यांतून हे सहा आले, त्यांनीही तोच पाऊस सोसला, तेवढेच दिवस समुद्रात काढले, आणि ते स्वच्छ निघाले. फरक घडवणारी गोष्ट या दोहोंत समान नसलेली असली पाहिजे. ती म्हणजे भरणीचे तापमान.

त्याला पुष्टी देणारा पुरावा पेट्यांत होता आणि आयातदाराच्या अहवालात तो दोन वेगळ्या रकान्यांत विखुरला होता. एकाच पेटीत वरच्या मण्यांवर सल्फर डायऑक्साइडने उडालेल्या रंगाचे पांढरट डाग होते आणि खालच्या मण्यांवर बुरशी होती. पहिल्या वाचनात ही विसंगती वाटते, कारण वायू जास्त झाला तर बुरशी का, आणि कमी पडला तर डाग का. दोन टप्प्यांच्या पॅडचे काम ओलाव्यावर चालते. पहिला थर लवकर वायू सोडून सुरुवातीचा संसर्ग मारतो, दुसरा थर पुढचे आठवडे थोडाथोडा सोडत राहतो. उबदार मणी अस्तराच्या आत आणि थंड हवा बाहेर असली की अस्तराच्या आतल्या बाजूस पाणी धरते. त्या पाण्याने पॅड भिजून वायू एकदम सुटतो, पॅडलगतच्या मण्यांना भाजतो, आणि शेवटच्या आठवड्यांसाठी राखलेला साठा आधीच संपतो. सुएझमार्गे गेलेले जहाज मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचले असते, तेव्हा कदाचित डाग दिसले असते, बुरशी फारशी दिसली नसती, आणि भाव थोडा तुटून व्यवहार मिटला असता. लांबलेल्या प्रवासाने हे नुकसान उघड्यावर आणले. त्याचा उगम तुळजापूरच्या पॅकहाऊसमधील त्या रात्रीच्या सहा अंशांत होता, आणि ती रात्र तशी होण्यामागे बंदरातील कोलमडलेले वेळापत्रक होते.

कागदांचे बळ किती

त्या वेळी लागू असलेल्या 1925 च्या भारतीय समुद्रमार्गे मालवाहतूक कायद्यानुसार (त्याची जागा आता 2025 च्या कायद्याने घेतली आहे) बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते आणि दावा एका वर्षात दाखल करावा लागतो. सूचना वेळेत गेली होती. अडचण पुढे होती. वाजवी कारणाने मार्ग बदलल्यास वाहतूकदार जबाबदार ठरत नाही, आणि गोळीबाराच्या पट्ट्यातून जहाज न नेणे याहून वाजवी कारण शोधणे कठीण आहे. माल पाठवणाऱ्याच्या कृतीमुळे किंवा मालाच्या अंगच्या दोषामुळे झालेले नुकसानही वगळलेले असते. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या दस्तऐवजावर) भरणी, रचणी आणि मोजणी पाठवणाऱ्याची असल्याची ओळ होती, आणि ठरलेले तापमान आत सोडल्या जाणाऱ्या हवेचे धरले जाईल असेही लिहिले होते. मालाच्या गराच्या तापमानाची हमी जहाज कंपनीने कुठेच घेतलेली नव्हती. अशी हमी कोणतीच जहाज कंपनी घेत नाही, हे अनेक नव्या निर्यातदारांना पहिल्या दाव्यानंतरच कळते.

विम्याची बाजू याहून कोरडी होती. कंपनीकडे सर्वांत व्यापक समजली जाणारी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस अ या प्रकारची पॉलिसी होती. तीतही विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, विलंब विमा उतरवलेल्या जोखमीमुळे झाला असला तरीही, आणि मालाचा अंगभूत दोष वेगळ्या कलमाने वगळलेला असतो. सर्व जोखमींचा विमा या नावावर विसंबून राहणाऱ्या नाशवंत मालाच्या निर्यातदाराला या दोन कलमांनंतर नेमके काय उरते, ते दलालाकडून लेखी विचारून घ्यायला हवे. रीफर यंत्र बंद पडण्याचा धोका वेगळ्या अटीने घेता येतो, पण या प्रकरणात यंत्र बंद पडलेच नव्हते.

राहिला आयातदार. व्यवहार किमान हमी भावावर होता आणि अंतिम भाव तिकडच्या गुणवत्ता अहवालावर ठरणार होता. कंपनीने सहा पॅलेटची जबाबदारी मान्य केली आणि चौदा पॅलेटच्या भावाचा प्रश्न स्वतंत्र ठेवला. पॅलेटनिहाय छायाचित्रे आणि दोन्ही नोंदयंत्रांचे आलेख शेजारी ठेवून दाखवल्यावर आयातदाराने सरसकट कपात मागे घेतली. सहा पॅलेटचा माल निवडून, पुन्हा पॅक करून अर्ध्याहून कमी उरला, आणि त्या निवडीची मजुरीही कंपनीच्या खात्यात पडली. माझ्या मते कंपनीच्या हाताला लागलेले हे एकमेव खरे यश होते, आणि ते पर्यवेक्षकाच्या वहीतील त्या अकरा वाजताच्या नोंदीमुळे मिळाले. ती नोंद दडपण्याची सूचना बैठकीत झाली होती. दडपली असती तर नोंदयंत्राच्या आलेखाने ती लपवाछपवी उघडी पाडली असती आणि चौदा पॅलेटवरचा विश्वासही गेला असता.

त्या रात्रीचे इतर पर्याय

तीन वाटा उघड्या होत्या. पहिली, जहाज सोडून पुढचे पकडणे. त्या फेब्रुवारीत पुढच्या जहाजावर जागा मिळण्याची शाश्वती नव्हती, चौदा तयार पॅलेट शीतखोलीत म्हातारे होत राहिले असते, आणि हंगाम ऐन भरात असताना खोली अडली असती. दुसरी, कंटेनर रात्रभर थांबवून माल थंड करून घेणे आणि पहाटे निघून दैवावर भरवसा ठेवणे. घाटात एखादी गाडी आडवी झाली असती तर सगळेच गमावले असते.

तिसरी वाट चौदा पॅलेट पाठवून सहा मागे ठेवण्याची. तिच्याविरुद्ध बैठकीत मांडला गेलेला मुद्दा असा होता की भाडे संपूर्ण कंटेनरचे लागते, मग जागा रिकामी का पाठवायची. हिशेब उलट्या बाजूने करून पाहिला पाहिजे. भाडे दोन्ही स्थितींत तेच होते, त्यामुळे ते या निर्णयात धरण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो की सुमारे चार टन द्राक्षे सोलापूर, पुणे किंवा हैदराबादच्या बाजारात त्या आठवड्यात काय देतील, आणि सहा अंशांना भरून चाळीस दिवसांनी युरोपात काय देतील. देशातला भाव निर्यातीपेक्षा कमी असतो, पण तो पेटी सोडल्या दिवशी हातात येतो आणि त्यातून निवडीची मजुरी कापली जात नाही. रिकाम्या जागेचीही एक तांत्रिक अट आहे. दाराकडची उघडी जमीन जाड पुठ्ठ्याने झाकली नाही तर थंड हवा तिथूनच वर निसटून यंत्राकडे परतते आणि मालातून जातच नाही. पुठ्ठा पॅकहाऊसमध्ये होता. मी ही तिसरी वाट निवडली असती, आणि हे आज, हातात आलेख घेऊन म्हणणे सोपे आहे याची मला जाणीव आहे. त्या रात्री अध्यक्षांच्या समोर फोनवर फॉरवर्डर होता, दारात चालू जेनसेटची गाडी होती, आणि ज्या सभासदांचा माल त्या सहा पॅलेटवर होता ते अंगणात उभे होते. कोणाचा माल मागे ठेवायचा हा शेतकरी कंपनीत केवळ शीतकरणाचा प्रश्न राहत नाही.

पुढच्या हंगामासाठी कंपनीने दोन ठराव केले. गराचे तापमान 2 अंशांच्या वर असलेले पॅलेट कंटेनरमध्ये जाणार नाही, आणि हा निर्णय अध्यक्षांऐवजी पॅकहाऊसच्या पर्यवेक्षकाचा असेल. मागे राहणाऱ्या पॅलेटचा भावातील फरक सर्व सभासदांवर सारखा विभागला जाईल. पहिला ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्यावर दोन बैठका झाल्या. वेळेवर तोडणी करून देणाऱ्याने उशिरा तोडणाऱ्याचा तोटा का सोसावा, हा आक्षेप वजनदार होता, म्हणून त्यात दुरुस्ती करून सकाळी दहानंतर तोडलेला माल या विभागणीतून वगळण्यात आला. फॉरवर्डरशी करारात मात्र एकच बदल करता आला. कंटेनर ठरल्या दिवसापेक्षा उशिरा आल्यास पहिले जहाज सोडण्याचा अधिकार कंपनीचा राहील, पण त्या दिवसांचे भाडे कोण भरणार, ते कलम अजून रिकामे आहे.